झडती

जेलरोडला आमच्या गच्चीवर
कोजागिरीला आलेत सगळे,
मार्चमध्ये ग्रेनाडाला गेलो तेच आठ जण:
खैरनार नवरा-बायको, सटाण्याचे देवरे सर,
शरणपूरच्या सायमनबाई, घुगे डॉक्टर आणि त्यांच्या दोघी बहिणी,
आणि मी.
कॉलेज रोडवरच्या एका खोलीत
टूरवाल्या पोराने पहिल्यांदा नकाशा पसरला तेव्हा
सर म्हणाले, यात देश कुठाय?
त्याने पेन्सिलीचं टोक टेकवलं.
देश टोकाखाली झाकला गेला.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये,
पासपोर्टच्या खात्यात.
लोकांनी जग बघावं म्हणून
कोरी पानं मोजायची,
डाव्या अंगठ्याने, न बघता.
एक पान कमी भरलं
तर अख्खी पाळी थांबायची.
सुटताना गेटवर झडती.
डबा उघडा, पिशवी उलटी करा, पदर झटका.
दोऱ्याचा तुकडा कधी बाहेर नेला नाही.
एकदा केसांत अडकलेला कागदाचा कपटा
घरी वेणी सोडताना सापडला,
रात्रभर डोळ्याला डोळा नाही,
सकाळी परत नेऊन दिला.
साहेब हसले. मी नाही.
माझा स्वतःचा पासपोर्ट निघाला तो निवृत्तीनंतर.
पाकीट फोडून आधी शिवण पाहिली.
बरी होती.

तिकडचं काय सांगू?
समुद्र होता, तो असणारच,
खैरनारांकडे त्याचे चारशे फोटो आहेत.
आमच्या गाडीचा ड्रायव्हर रामदीन.
त्याच्या खापरपणजोबाला जहाजातून आणलेलं, ऊस तोडायला.
कुठल्या गावाहून, सरांनी विचारलं.
इंडियाहून, तो म्हणाला.
मग सायमनबाई खिडकीकडे बघत बोलल्या,
आमच्या शरणपुरात आफ्रिकेतली पोरं आणली होती,
गुलामांच्या जहाजांवरून सोडवून.
आजी सांगायची.
पुढे वळणावळणाचा घाट,
आणि गाडीत बराच वेळ
फक्त चिवड्याची पिशवी वाजत राहिली.

किनाऱ्यावरच्या एका गावात
जायफळाची जुनी वखार.
लाकडी बाकांवर बायका, पुढ्यात ढीग,
हलकं इकडे, जड तिकडे,
न बघता.
तो अंगठा मी ओळखला.
बाकीचे वासाचं कौतुक करत होते,
मी एकीच्या शेजारी जाऊन बसले,
एक ओंजळ घेतली, मोजली.
तेवीस.
तिनेही मोजली. तेवीस.
तिचं इंग्रजी मला कळेना, माझं तिला.
सुटताना तुमचीही झडती घेतात का,
एवढंच विचारायचं होतं मला.
म्हणून उठून ओढणी झटकून दाखवली,
खिसे उलटे केले, हात वर केले.
ती इतकी हसली
की मुकादम बघायला आला.
निघताना तिने माझी मूठ उघडली,
काहीतरी ठेवलं, मूठ मिटली.

रविवार कारंज्यावर कुठल्याही दुकानात
दहा-पंधरा रुपयांना मिळेल असं फळ.
मी ते रुमालाच्या गाठीत, पोटाशी धरून
तीन विमानतळांतून आणलं,
मुंबईला कस्टमच्या माणसासमोर
गुडघे कापत होते.
आयुष्यातली पहिली चोरी,
तीही भेट मिळालेल्या वस्तूची.

दूध आटत आलंय.
घुगेंच्या धाकट्या बहिणीने किसणी पुढे केली,
तिकडचं घाला हं.
हो म्हणाले, खाली गेले,
कपाट उघडलं.
पासपोर्टच्या शेजारी ते आहे, कवचासकट.
कानाशी नेऊन हलवलं,
आतलं बी वाजतं अजून.
पासपोर्टही उघडला जरा.
शिक्क्यांचं एक पान भरलंय.
बाकीची कोरी आहेत, मोजलेली आहेत.

मग स्वयंपाकघरातल्या डब्यातलं
दुकानाचं जायफळ घेऊन वर आले,
किसलं, ढवळलं.
देवरे सरांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले,
बघा, म्हणाले, वासच वेगळा.
मी पुढचा पेला भरला.